चहाही न घेता पाहिलेली अमरावती

अमरावती मी एका दिवसात पाहिली, आणि फुकटात पाहिली. माझा जन्म तिथलाच, तरी त्या दिवसाआधी मी ती पाहिली होती असं म्हणवत नाही. आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत टेम्स नदीवरचे पूल काढायला लावायचे. मी ते छान काढायचे. पण कॅम्पातल्या ज्या रस्त्यानं रोज सायकलवर शाळेत जायचे, त्या रस्त्यावरचे बंगले कुणी बांधले, कशासाठी बांधले, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. ते दाखवलं अकोल्याच्या एका मुलीनं. ती माझ्या चुलत भावाला, दादाला, पाहायला आली होती.

मुलगीच मुलाला पाहायला येते, हे आमच्याकडे तेव्हा नवीन होतं. त्या वर्षांत आमच्या भागातल्या कापसाचं काय झालं ते साऱ्या देशानं वर्तमानपत्रात वाचलं. पत्रकार यायचे, पुढारी यायचे, त्यांच्या गाड्या धूळ उडवत जायच्या. पण गावोगाव तिशी गाठलेले मुलगे लग्नावाचून बसलेत, हे कुणी छापलं नाही. त्यात छापण्यासारखं काही नव्हतंच. मुलीचे वडील आधी जमीन किती ते विचारत. मुलगा ती स्वतः करतो असं कळलं, की पोह्यांची बशी खाली ठेवत. एका गृहस्थांनी मोठ्या आईला तोंडावर सांगितलं होतं, "पोरगा तहसिलीत चपराशी असता, त आजच कुंकू लावून गेलो असतो."

मोठी आई म्हणजे माझी मोठी काकू, दादाची आई. वलगावच्या पुढे त्यांचं गाव. काळी जमीन, विहीर, दोन म्हशी. दादा दारू पीत नव्हता, तंबाखू खात नव्हता, कुणाशी भांडत नव्हता. शेती करत होता, एवढंच. पाच-सहा ठिकाणांहून नकार आला होता आणि मोठी आई आता स्थळ म्हटलं की आधी देवापुढे बसायची.

अकोल्याचं स्थळ एका नातेवाइकानं सुचवलं. मुलगी डिप्लोमा करून एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. तिला वडील नव्हते, सगळं मामा बघायचे. मामांचं म्हणणं पडलं, की घरी येणं-जाणं मागाहून, आधी दोघांना बाहेर भेटू द्या. त्यांना अमरावतीच्या बाजारात काम होतं, त्याच दिवशी ते भाचीला घेऊन येणार होते. दोघंच कसे फिरणार, म्हणून मध्ये मी.

"हे पोट्टी इंग्रजीत शिकेल आहे," मोठी आई बाबांना म्हणाली. "तिले वाटीन, घरानं शिकेल आहे."

"ती कुणाशी बोलते तरी का?" बाबा म्हणाले.

"नाई बोलली त चालते. संग उभी रायली पायजे." मग माझ्याकडे वळून, "त्या पोरीले खाऊ घालजा बाप्पा काई. इसरू नका."

दादा सकाळच्या पहिल्या एसटीनं आमच्याकडे आला. नवा शर्ट, त्यावर पुड्यातल्या घडीच्या रेघा तशाच. मी इस्त्री करून देते म्हटलं तर म्हणाला, "राहू दे, नवा आहे हे तरी समजीन." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "राजकमल चौकाच्या तिकडं थे फॅमिली रूमवालं हॉटेल आहे नं? तिथं काय मागवा लागते?"

"मेन्यू कार्ड देतात."

"इंग्रजीत असन त तू वाच. मी मान हालवतो."

बडनेऱ्याला गाडी बदलून मामा-भाची आले, आम्ही स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. मामा घाईतले, बोलताना खिशातल्या किल्ल्या खुळखुळवणारे. त्यांनी दादाचा हात हातात घेतला, तळवा जरा चाचपला आणि सोडून दिला. "तुमी फिरा, मी चार वाजता अंबादेवीपाशी येतो," म्हणून रिक्षात बसून गेले. ती उरली. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी, पायांत चालायच्या चपला. चेहरा झोप न झाल्यासारखा.

"चहा घेऊ नं आधी?" दादानं स्टेशनबाहेरच्या टपरीकडे हात केला.

"नको. मी चहा घेत नाही."

"मंग कॉफी सांगतो."

"नको, खरंच. काहीच नको." आणि लगेच, जणू तेवढ्यासाठीच आली असावी तशी, ती वळून स्टेशनच्या इमारतीकडे बघायला लागली. "हे आत जाऊन पाहता येईल का? मला जुन्या इमारती आवडतात. त्यांना तिकीट पण नसतं."

मला ती तिथेच आवडली. शाळेच्या वाचनालयात मी एका परदेशी प्रवाशाचा लेख वाचला होता. तो पाठीवर पिशवी घेऊन जुन्या शहरांमधून हिंडायचा आणि खिशात हात न घालता काय काय पाहता येतं ते लिहायचा. असं माणूस आपल्याकडेही असतं, तेही अकोल्यात, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तिनं आम्हाला छताखालचे लोखंडी खांब दाखवले, त्यांवरची ओतीव फुलं दाखवली. ही फुलं बोटीतून आली असणार, असं ती म्हणाली. बडनेऱ्यापासूनचा हा फाटा माणसांसाठी नव्हता, कापसासाठी होता, माणसं नंतर बसायला लागली. दादानं खांबाला हात लावून पाहिला.

"कापसासाठी एवढं केलं त्याहिनं?"

"हो."

"मंग सांगा त्याहिले, परत या म्हना. कापूस तसाच पडला घरात."

ती हसली. खरं हसली, आणि हसल्यावर तिनं पटकन तोंड दुसरीकडे केलं.

तिथून आम्ही चालत कॅम्पात गेलो. दादा रिक्षा थांबवत होता, ती नको म्हणाली. चालल्याशिवाय शहर कळत नाही, म्हणाली. मला पटलं. कडुनिंबाची सावली, उतरत्या कौलांचे बंगले, खोल पडव्या, दारावर साहेबांच्या पाट्या. एकेका बंगल्यासमोर ती थांबायची. पडवी एवढी खोल का, खिडक्या एवढ्या उंच का, वारा कुठून आत येतो आणि कुठून बाहेर जातो, हे सांगायची. एका फाटकातून शिपाई ओरडला, "काय पाह्यता हो?" तर दादा म्हणाला, "घर पाह्यतो. विकता का?" शिपाईही हसला. मला वाटलं, जमलं. मी मनात लग्नाला कोणता ड्रेस घालायचा तेही ठरवून टाकलं.

मग गोऱ्या लोकांच्या कबरस्तानात गेलो. फाटक नुसतं लोटलेलं होतं. गवत गुडघ्याएवढं. दगडांवरची अक्षरं मी वाचून मराठीत सांगत होते. त्या दिवशी माझा उपयोग झाला तो एवढाच. बहुतेक बायका आणि लहान मुलं. कुणी तापानं, कुणी बाळंतपणात. एक तर माझ्या वयाची होती.

"एवढ्या दुरून इथं येऊन मेली बिचारी," दादा म्हणाला. "तिले कोनं इचारलं असन का, येतं का वराडात म्हून?"

अकोल्याची मुलगी त्या दगडापुढे बराच वेळ उभी राहिली. दादाला गप्प राहवेना. "आमच्या गावात तसा आता दवाखाना झाला," तो म्हणाला. "विहिरीले बी पानी आहे. मे मैन्यात बी आटत नाई."

"छान," ती म्हणाली.

तिनं पुढे काही विचारलं नाही. सकाळपासून तिनं जमीन किती ते विचारलं नव्हतं, घरात माणसं किती ते नाही, म्हशी दूध किती देतात तेही नाही. मला वाटलं, काय मोठ्या मनाची मुलगी आहे.

जुन्या कलेक्टर कचेरीत गेलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आत बाहेरच्यापेक्षा थंड. उंच छत, ते पेलणाऱ्या सागवानी कैच्या, दगडी कमानी. खाली व्हरांड्यात भिंतीला टेकून माणसं बसलेली, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. आम्ही तिघं माना वर करून छत बघत होतो आणि ती माणसं आमच्याकडे बघत होती. त्यांतला एक दादाच्या गावचा निघाला.

"काय गा, इकडं कुठं?" त्यानं बसल्या जागेवरून हाक मारली. मग तिच्याकडे बघून, "लग्न नोंदवाले आला का? पत्रिका नाई काई नाई!"

"तुयं काम पाय नं तू," दादा म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण तो खूश होता. ती मात्र कमानीतून पुढे निघून गेली होती.

जेवायची वेळ झाली. दादानं फॅमिली रूमचा विषय काढला, ती म्हणाली भूक नाही. मग तो म्हणाला, हॉटेल नको तर नको, गिला वडा खाऊ. अमरावतीले येऊन गिला वडा खाल्ला नाई, असं कोनी करत नाई. ती म्हणाली, माझा उपास आहे.

"साबुदाना भेटते नं."

"नको. पोट पण जरा बरं नाही."

दादा रस्त्याच्या कडेला उभा राहिला. हात शर्टाच्या खिशावर. मला त्याची दया आली आणि थोडी लाजही वाटली, की हा एवढा मागे का लागतो. मी दिवसभरातलं माझं सगळ्यात लांब वाक्य तेव्हा बोलले. "दादा, अरे, त्यातच मजा आहे. बाहेरच्या देशांत लोक मुद्दाम असं फिरतात. काही विकत न घेता. आपण पण पूर्ण दिवस तसंच करू."

दादानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शाळेत शिकायला पाठवलेल्या पोरानं घरी येऊन भलताच धडा म्हणून दाखवावा, तसं पाहिलं. "बरं," म्हणाला. "तसं करू."

त्यानंतर त्यानं काही खायचा विषय काढला नाही. पण परकोटाच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, कडेनं चालताना शहर दाखवायला तोच पुढे झाला. लहानपणी बैलगाडीतून कापूस घेऊन कोणत्या दरवाजानं आत यायचे, गाड्या कुठे सोडायचे, वडील त्याला कुठे झोपवायचे. आवाजात सकाळची धडपड नव्हती. एखाद्या पाहुण्याला, जो पुन्हा येणार नाही अशाला, सांगावं तसं मोकळं बोलत होता. ती आता त्याचं मन लावून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "तुम्हाला इथे भीती नाही वाटायची, लहान असताना?"

"वाटे. पन कापसात झोपलं का लागते झोप."

तिघंही उपाशी होतो. एका सार्वजनिक नळावर ती ओंजळीनं पाणी प्यायली.

अंबादेवीत पुजाऱ्यानं तिच्या हातावर खडीसाखर आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तिनं तो तिथल्या तिथे तोंडात टाकला आणि इतक्या घाईनं चावला, की मी नजर वळवली. उपास नव्हता तिचा. पोटही बरं होतं. तिला भूक लागली होती, आणि तरी ती काही विकत न घ्यायचा नेम पाळतेय, असं मला वाटलं. दादानंही ते पाहिलं असणार. त्यानं आपल्या हातावरचा प्रसाद न खाता तिच्यापुढे धरला.

"तुम्हीच घ्या," ती म्हणाली. आणि हात मागे घेतला. दोन्ही हात पाठीमागे.

दादानं प्रसाद खाल्ला. मामा आले, किल्ल्या वाजवत. निघताना ती दादाला म्हणाली, "आजचा दिवस खूप छान गेला. खरंच." मला म्हणाली, "अभ्यास कर." मग रिक्षा वळली.

दिवेलागणीआधी मी दादाबरोबर त्याच्या गावी गेले, कारण मोठ्या आईनं तसं बजावलं होतं. तिला पहिल्या हातची बातमी हवी होती. ती दारातच बसली होती. तिनं मुलगी दिसते कशी विचारलं नाही, बोलते कशी विचारलं नाही.

"काय खाल्लं तिनं?"

"काहीच नाही!" मी आनंदानं सांगितलं. "मोठी आई, पूर्ण दिवस आम्ही काहीच विकत घेतलं नाही. सगळं चालत पाहिलं."

"चहा?"

"ती घेतच नाही."

"पानी?"

"नळाचं प्यायली."

मोठ्या आईनं दादाकडे पाहिलं. दादा विहिरीच्या बाजूनं हातपाय धुवायला निघून गेला. मोठी आई पदर सारखा करून उठली आणि चुलीकडे वळली. मला काही समजलं नाही हे तिच्या लक्षात आलं असावं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता तिनं सांगितलं, "जिथं सोयरीक कराची नाई, तिथं खात नाई माय. कोनाचं खाऊन नाई कसं म्हनाव? तुमच्या शायेत नाई शिकवत हे?"

मी दादाला विहिरीपाशी गाठलं. "तुला माहीत होतं?"

"चहा नाई म्हने तवाच समजलं."

"मग दिवसभर का फिरलास?"

तो पाय घासत होता. "थे चांगली पोरगी आहे. मामानं आनली म्हून आली. तिले शहर पाहाचं होतं, त पाह्यलं. मायं काय गेलं त्यात?" मग दुसरा पाय घासायला घेत म्हणाला, "देवीपाशी वाटलं होतं, घेईन म्हून. उपाशी होती."

आठवड्यानं निरोप आला. शेतकरी नको, असं मामांनी म्हटलं नाही. तसं म्हणणं बरं दिसत नाही, त्यांच्या स्वतःच्या घरीही शेती होती. त्यांनी म्हटलं, मुलगा चांगला आहे, पण हात फार आखडता. पोरीला दिवसभर उन्हात पायी फिरवलं आणि चहासुद्धा पाजला नाही.

ही गोष्ट मध्यस्थाच्या तोंडून गावात आली आणि गावाला ती फार आवडली. पानठेल्यावर दादा दिसला की कुणीतरी म्हणायचं, "काय गा, चहा पाजतं का, का नुसता फिरवून आनतं?" लहान पोरंसुद्धा म्हणायची. पुढचं एक स्थळ तेवढ्यावरूनच आलं नाही. मोठी आई चिडली. "सांग नं लोकाईले, तिनंच नाई घेतला म्हून. तू त दहा खेप इचारलं. ही पोट्टी साक्षीले आहे."

"नाई सांगत."

"कावून?"

"मंग लोक म्हनतीन, थे आधीच ठरवून आलती, अन् दिवसभर पोट्ट्यासंग हिंडली. तिचं बी जमाचं आहे कुठं तरी." आणि मला, "तू बी बोलू नोको कोनाजवळ."

मी बोलले नाही. न बोलणं मला जमतं. पण त्या मुलीचा मला राग यायला लागला. तिनं आमचं शहर पाहिलं, आमची सावली घेतली, दादाच्या लहानपणच्या गोष्टी ऐकल्या, आणि उपाशी राहिली म्हणून तिचा हिशेब चोख. ती सुटली. टोमणे इकडे राहिले.

काही वर्षांनी, माझं कॉलेज संपत आलं तेव्हा, परतवाड्याचं एक स्थळ आलं. जीप भरून माणसं आली. मोठ्या आईनं पुरणपोळ्या केल्या, कढी-भजी केली, मी वाढायला होते. सगळे पोटभर जेवले. मुलीच्या काकांनी तर तुपाची वाटी पुन्हा मागितली. मोठ्या आईच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांनी रंग पाहिला. त्यांच्या पाठीमागे तिनं देवाला साखर ठेवली. चौथ्या दिवशी फोन आला, की मुलीला नोकरीवालाच हवा आहे.

मोठी आई फोन ठेवून तशीच उभी राहिली. नकार तिला नवीन नव्हता. "जेवून गेले वं," ती म्हणाली. "तूप मांगून खाल्लं. अन् नाई म्हनते?"

दुपारी दादा ओट्यावर बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "यांचं सोड, अडाणी आहेत. पण ती अकोल्याची तर शिकलेली होती. तिनं तरी तोंडावर सांगायला हवं होतं."

"काय सांगाचं होतं?"

"की शेतकरी नको."

दादानं माझ्याकडे मान वळवली. "तुले आलं उद्या शेतकऱ्याचं घर, त तू काय सांगशीन?"

तो चिडवत नव्हता. बाजारात भाव विचारावा तसं विचारत होता. त्या दिवसांत मी पुण्याच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करत होते. बाबांनी माझ्या लग्नासाठी एक अट घालून ठेवली होती, ती मोठ्या आईसमोर कधी बोलत नसत. आणि ती अट एकट्या बाबांची नव्हती. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"तुला पाणी आणू का?" मी विचारलं.

तो हसला. "आन."

मी आतून तांब्या भरून आणला. तेवढ्यात शिवाराकडून कुणीतरी ओरडलं, "लाइन आली!" दादानं उभ्यानंच सगळं पाणी पिऊन तांब्या माझ्या हातात दिला आणि मोटार लावायला गेला. विहिरीवरून परत आल्यावर त्यानं मोठ्या आईला सांगितलं, की आता कुणाला घरी बोलावू नको. मोठी आई भांडली, रडली, नातेवाइकांना मध्ये घालून पाहिलं. तो ऐकला नाही. मी पुण्याला गेले. माझ्या लग्नात पंगतीला वाढायला तोच होता.